जाड कोण धरणार

माझे ओठ माईकला लागले आणि तिथंच चिकटले. डावा हात गिटारच्या तारांवर होता, तो मिटला तो उघडेना. तोंडातून जो आवाज निघत होता तो माझा नव्हता. गुरगुरल्यासारखा तो आवाज स्पीकरमधून सगळ्या कुंडल गावाला ऐकू जात होता. लोकांना वाटलं म्हातारी गाणं सुरू करतीये. पुढच्या खुर्चीतल्या एकानं टाळीसुद्धा वाजवली.

मरताना माणसाला लेकरं आठवतात म्हणे. मला माझी जाऊ दिसत होती, कारण ती समोरच उभी होती, गळ्यात तिची पाच तारांची गिटार घालून. आणि माझ्या डोक्यात एवढंच आलं, की आता जाड हिच्याकडं गेलं.

जाड म्हणजे बेस गिटार. आमच्या गायन पार्टीत तिला कुणी बेस म्हणत नाही. कार्यक्रम ठरला की दीर विचारतो, जाड कोण धरणार? वर्षानुवर्षं त्या विचारण्याला काही अर्थ नव्हता, कारण धरणारी एकटी मीच होते. जाऊ आली आणि त्याला अर्थ आला.

आमचं गाव कडेगावच्या बाजूला. नवरा पलटणीच्या बँडमध्ये होता. पेन्शनवर आला तेव्हा ट्रंक, घोंगडं आणि ही गिटार घेऊन आला. त्यानं आणि त्याच्या धाकट्या भावानं मिळून पार्टी काढली. जयंतीचे कार्यक्रम, लग्नं, घरभरणी. दीर गायचा आणि कीबोर्ड वाजवायचा. शेजारच्या आळीतला एकजण ढोलकीवर. मी बायकांच्या कोरसमध्ये. दीर एक दिवस म्हणाला, "वैनी, तुमचा आवाज बायांत बसत न्हाई." तो खोटं बोलत नव्हता. माझा आवाज पुरुषासारखा आहे. नवऱ्यानं त्याच दिवशी गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "तुझा आवाज जाड, हिचा आवाज जाड. धर." तिथून तिला ते नाव पडलं.

ती गिटार कुणालाच नको होती. पार्टीत सगळ्यांना पुढं उभं राहायचं असतं. जाड धरणारा मागं, ढोलकीच्या शेजारी. चांगलं वाजवलं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि चुकलं तर नवरी मुलगीसुद्धा मान वळवून बघते. मी चौथीपर्यंत शिकले. सूर कागदावर कसे लिहितात मला माहीत नाही. नवऱ्यानं बोटं कुठं ठेवायची ते दाखवलं, बाकीचं मी ढोलकीवाल्याच्या खांद्याकडं बघून शिकले. त्याची थाप पडायच्या आधी त्याचा उजवा खांदा जरा खाली येतो. खांदा आला की मी अंगठा मारायचा, खांदा थांबला की मी पण थांबायचं. कधी वाजवायचं यापेक्षा कधी गप्प बसायचं हेच त्यात जास्त आहे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

सामान म्हणाल तर गिटार ओल्या लाकडासारखी जड. पट्टा पलटणीतल्या जुन्या पट्ट्याचा, खांद्याला वळ पडायचा. तारा विटल्या की सोडा टाकून पातेल्यात उकळायच्या, की पुन्हा काही महिने बोलतात. खाली तारा अडकवतात तिथं फाटक्या गादीतला स्पंज खुपसायचा, म्हणजे आवाज लांबत नाही, धुम्म होतो आणि बसतो. आवाजाचा खोका सांगलीतल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं बनवून दिला होता. त्याला पिन नव्हती. दोन उघड्या वायरी मंडपवाल्याच्या बोर्डात खुपसायच्या आणि निघू नयेत म्हणून काड्यापेटीच्या काड्या ठोकायच्या. वाजवायला लागलं की बोटांना मुंग्या यायच्या. मुंग्या आल्या की नवरा म्हणायचा, यंत्र जागं झालं. आम्ही सगळे तसंच म्हणायला लागलो. मुंग्या नाही आल्या तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

नवरा गेला. पार्टी दिराकडं आली. दिराची बायको, म्हणजे माझी जाऊ, साताऱ्यात सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिकडंच खोली करून राहायची, सणावाराला यायची. पांढरी साडी, घड्याळ, वेळेवर पगार. माझ्या आयुष्यात तिला बघून पोटात दुखलं नाही असं वर्ष मला आठवत नाही. तरी जाड माझं होतं. तिला सगळं असून ते नव्हतं. मग ती रिटायर होऊन गावी आली आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या उंबऱ्यावर बसून म्हणाली, "आक्का, मला पण जाड शिकायचंय."

मी म्हटलं, या वयात? ती माझ्यापेक्षा लहान आहे, पण फार नाही.

मला वाटलं हौस असेल, दोन महिन्यांत फिटेल. ती मला सांगलीच्या दुकानात घेऊन गेली. तुम्ही सोबत असल्या म्हणजे मी फसणार नाही, म्हणाली. दुकानात भिंतीला गिटारी टांगल्या होत्या. दुकानदार तिला मॅडम म्हणाला आणि मला आजी म्हणाला. मला बसायला स्टूल दिलं. तिला बसायला काही दिलं नाही, कारण तिला गिटार दाखवायची होती.

ती एकेक विचारायला लागली. मान किती रुंद, वजन किती, तारांतलं अंतर किती, गळ्यात घातल्यावर खुंट्यांकडचं डोकं खाली जातं का. मी उभी राहून वाजवणारी बाई, आणि डोकं खाली जातं का हे मला कधी विचारायला सुचलं नव्हतं. माझ्या गिटारचं डोकं जन्मापासून खाली जातंय. मी इतकी वर्षं डाव्या हातानं ते वर उचलून धरतीये आणि त्याच हातानं वाजवतीये. त्या स्टुलावर बसून मला पहिल्यांदा कळलं, की माझा खांदा वयानं दुखत नाही.

मग तिनं एक काढून माझ्या हातात दिली. "तुमी वाजवून बघा आक्का. तुमाला कळंल."

पाच तारांची होती. हलकी. डोकं जिथं सोडलं तिथंच राहिलं. छोट्याशा खोक्याला जोडलेली, खोका पोळपाटाएवढा. मी सगळ्यात जाड तार अंगठ्यानं मारली आणि दुकानाच्या काचा थरथरल्या. इतका खाली सूर मी कधी वाजवला नव्हता. माझ्या गिटारमध्ये तो सूर नाहीच. नवरा जिवंत असता तर तो सूर ऐकायला त्याला बोलावून आणलं असतं.

"जड हाय," मी म्हटलं, आणि परत दिली.

ती म्हणाली, "हलकी वाटली मला."

"तुला वाटंल. एका गाण्यानंतर कळंल."

तिनं तीच घेतली. खोका पण तोच, वर कानाला लावायचे हेडफोन. परत येताना गाडीत तिनं ती मांडीवर आडवी धरली होती आणि डोकं माझ्या बाजूला होतं. प्रत्येक गचक्याला ते माझ्या गुडघ्याला लागत होतं. मी सरकले नाही.

हेडफोनचं मला सगळ्यात जास्त लागलं. ती ओसरीवर बसून तासन् तास वाजवायची आणि आवाज नाही. नुसती बोटं हलताना दिसायची. मी शिकले तेव्हा माझी प्रत्येक चूक आळीनं ऐकली होती. दूध काढणाऱ्या बायका म्हणायच्या, थोरली परत चुकली. हिच्या चुका कुणी ऐकल्याच नाहीत. त्या तिच्या कानातच मेल्या. ती पहिल्यांदा लोकांपुढं उभी राहिली तेव्हा शिकलेली उभी राहिली, न शिकलेली ती कुणी बघितलीच नाही.

अंगठ्यानं नाही, दोन बोटांनी वाजवायची. मोबाईलमधला मास्तर तसं शिकवायचा. सुरुवातीला फार वाजवायची. नवरी हार घेऊन उभी आणि ही तिच्या पायात सूर ओततीये. ढोलकीवाला वैतागायचा. मी बघायचे आणि मला बरं वाटायचं. पण ती दर कार्यक्रमाला मोबाईल स्टेजच्या कोपऱ्यात ठेवून रेकॉर्ड करायची आणि दुसऱ्या दिवशी ऐकायची. स्वतःला ऐकणं फार वाईट असतं. मला एकदा तिनं माझं ऐकवलं, मी अर्ध्यात उठून गेले. ती बसून ऐकायची, आणि पुढच्या वेळी दोन सूर कमी वाजवायची. त्याच्या पुढच्या वेळी आणखी कमी.

एकदा तिनं विचारलं, "आक्का, तुमी मधी जी जागा सोडता, ती कवा सोडायची कसं कळतं?"

मला खांदा सांगायचा नव्हता. "मला न्हाई ठावं," मी म्हटलं.

ती म्हणाली, "लय भारी हाय ती जागा." असं तोंडावर बोलून टाकते ती. तिला लपवायला काही नाही. ज्याच्याकडं भरपूर असतं त्याला दुसऱ्याचं चांगलं म्हणायला काय जातं.

मग दीर गाणी वाटायला लागला. भरभर चालणारी तिला, जुनी संथ मला. मग संथातली पण एक-दोन तिला. कार्यक्रम झाल्यावर एकदा तिला म्हणाला, "आज बरं बसलं." मला हा माणूस इतक्या वर्षांत हे कधी म्हणाला नाही. मी विचारलं नाही का म्हणून. मला माहीत होतं. माझं रोजच बसायचं, म्हणून ते ऐकू येत नव्हतं.

कुंडलचा कार्यक्रम एका फौजीच्या रिटायरमेंटचा होता. उघड्या जीपमधून मिरवणूक, गुलाल, मग दुपारी चौकात मंडप. आम्ही आधी जाऊन सामान लावत होतो. जाऊनं मंडपवाल्याला गाठलं. तिचं सामान तीन पिनांचं, आणि बोर्डाला तिसरी, करंट जमिनीत उतरवणारी अर्थिंगची वायरच नव्हती. तिनं त्याला लोखंडी सळई आणायला लावली, स्टेजच्या मागं ठोकायला लावली, हॉटेलातून मिठाचं पाणी आणून वर ओतायला लावलं. त्या सळईवरून वायर घेऊन तिनं माईकचं मशीन जोडलं, कीबोर्ड जोडला, तिचा खोका जोडला. दवाखान्यात असलं सगळं करतात म्हणे. मंडपवाला तिला मॅडम म्हणायला लागला.

मग ती वायरीचं टोक घेऊन माझ्याकडं आली. "आक्का, तुमच्या खोक्याला पण लावते. नाहीतर तुमाला करंट बसंल."

"इतकी वर्षं न्हाई बसला."

"इतकी वर्षं कशालाच जमीन नव्हती. आता माईकला, बाकीच्याला हाय आणि तुमाला न्हाई. दोन्हीला एकदम अंग लागलं तर करंट तुमच्यातनं जाईल."

मला तिच्या सळईला माझी वायर बांधायची नव्हती. बाकी सगळं तिच्या सळईला बांधलेलं होतं. गाणारा तिचा, मशीन तिचं, मंडपवाला तिचा. माझा एक खोका तेवढा सुटा होता. मी म्हटलं, राहू दे. माझ्या मुंग्या मला येऊ देत.

तिनं दिराकडं बघितलं. दीर म्हणाला, "वैनी ऐकायच्या न्हाईत, सोड."

कार्यक्रम चांगला चालला होता. शेवटचं गाणं राहिलं. आम्ही नेहमी त्याच गाण्यानं संपवतो. संथ आहे, नवऱ्याला आवडायचं, त्यात जाड जवळजवळ एकटंच चालतं. ते कायम माझं. दिरानं माईकवरून दूर होऊन आमच्याकडं वळून विचारलं, "जाड कोण धरणार?" आणि मी काही बोलायच्या आत, "ह्याला तू धर. पाच तारांवर लय खाली जातं ते." जाऊकडं बघून.

ती म्हणाली, "आक्कांचं हाय ते."

तिनं असं म्हटलं नसतं तर मी कदाचित गप्प बसले असते. तिनं दिलेलं मला घ्यायचं नव्हतं. मी गिटारसकट पुढं गेले, माईक तोंडाजवळ ओढला आणि सगळ्या गावाला सांगणार होते, की या गाण्याला जाड मी धरणार आहे. "ह्या" एवढंच आलं. मग ओठ चिकटले.

पुढचं मला लोकांनी सांगितलं. दीर मला धरायला धावला. जाऊ ओरडली, "हात लावू नका कुणी." नवऱ्यावर ती चारचौघांत ओरडलेली कुणी ऐकली नव्हती. तो जागच्या जागी थांबला. ती माझ्याकडं आलीच नाही. मागं पळाली, बोर्डाजवळ, आणि माझ्या खोक्याची वायर काड्यांसकट उपसून काढली. मी पडले. गिटार माझ्यावर पडली. खोक्यातून धूर निघाला.

शुद्ध आली तेव्हा ती माझं मनगट धरून बसली होती. दवाखान्यातला आवाज लावला होता तिनं, तो मला आवडत नाही.

"आक्का, डाव्या हाताची बोटं हलवा. एकेक."

अंगठा आणि तीन बोटं हलली. करंगळी नाही.

जीपमधून मला दवाखान्यात नेलं. फुलांनी सजवलेली तीच जीप, त्या फौजीचीच. ती माझ्याबरोबर बसली. छातीला वायरी लावून तपासलं, रात्रभर ठेवून घ्यायचं ठरलं. मला बोलता यायला लागल्यावर मी विचारलं, "गाणं कुणी धरलं?"

"कुणी न्हाई. मी इथं हाय. त्यांनी जाडाशिवाय म्हटलं."

"कसं झालं?"

"कसं हुईल? ढोलकीवाल्याचा फोन आलता. पोकळ झालं म्हणाला."

त्या दिवसात मला बरं वाटलेलं ते तेवढंच. गाणं माझं झालं नाही, पण तिचंही झालं नाही. हे मी तिला सांगितलं नाही. तिला कळलं असावं, कारण ती हसली आणि माझी उशी नीट केली.

घरी आल्यावर लोक बघायला यायला लागले. माझ्या घरात माझा चहा पिऊन तिची तारीफ करायचे. धाकटीनं थोरलीला वाचवलं. धाकटीचं डोकं बघा, दुसरी असती तर हात लावून दोघी गेल्या असत्या. सगळं खरं होतं. मी खाटेवर पडून ऐकायचे. करंट मी खाल्ला आणि नाव तिचं झालं, असं मी एका बाईला म्हटलं. ती बाई हसली. मी चेष्टेनं म्हणत नव्हते.

लग्नाचा सगळा मोसम जाड तिनं धरलं. दिरानं विचारणंही बंद केलं. मी पुढच्या खुर्चीत बसून ऐकायचे, बाकीच्यांसारखी. आणि मला एक दिवस दिसलं, की ती वाजवताना स्वतःच्या बोटांकडं बघत नाही. ढोलकीवाल्याच्या खांद्याकडं बघतीये. मी सांगितलं नव्हतं. तिचं तिनं शोधलं होतं. ती जागा ती आता सोडत होती, आणि चांगली सोडत होती. माझ्याकडं तिच्यापेक्षा जास्त असं एवढं एकच होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी एसटीनं सांगलीला गेले. एकटी.

दुकानदार म्हणाला, "या आजी." मी स्टुलावर बसले नाही. मी विचारलं, मान किती रुंद, वजन किती, डोकं खाली जातं का. त्यानं एक आखूड मानेची काढून दिली, म्हणाला ही लहान हातांना बरी. माझे हात लहान नाहीत, पण एका हाताला आता करंगळी नाहीच असं धरून चालावं लागतं, त्याला आखूड मान बरी. चार तारांची. डोकं जागेवर राहिलं. जुन्या गिटारमधला स्पंज मी पिशवीतून आणला होता, तो तिथंच तारांखाली खुपसून बघितला. धुम्म झालं आणि बसलं. दुकानदारानं विचारलं हे कुणी शिकवलं. मी म्हटलं, तुम्ही पिना किती त्या सांगा. तीन, तो म्हणाला. खोका पण घेतला, तिच्यापेक्षा थोडा मोठा. मोठा घ्यायची गरज नव्हती.

हेडफोन घेतले नाहीत. मी ओसरीवर आवाजासकट वाजवते. चुका आळीला ऐकू जातात. तीन बोटांत बसेल असं सगळं परत बसवायला पावसाळा गेला. पूर्वी करंगळीवर घ्यायचे ते सूर आता सरळ सोडून देते, आणि गाणं त्यामुळं बिघडत नाही हे मला फार उशिरा कळलं.

आता पार्टीत जाड दोन आहेत. दीर परत विचारायला लागलाय. मेढ्याला गेल्या महिन्यात एक घरभरणी होती. सामान लावताना जाऊनं सळई ठोकून घेतली, मिठाचं पाणी ओतलं आणि वायरीचं टोक घेऊन माझ्याकडं आली. मी खोका तिच्याकडं वळवला आणि तिनं वायर लावली. वाजवताना मुंग्या येत नाहीत आता. मला अजून ते चुकल्यासारखं वाटतं.

शेवटचं गाणं आलं तेव्हा दीर म्हणाला, "जाड कोण धरणार?" ती तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "मी." तिला काही द्यायची संधी मी ठेवत नाही. तिनं तिची गिटार खाली ठेवली आणि मोबाईल काढून रेकॉर्डिंग लावलं. म्हणजे उद्या ती माझं ऐकणार, आणि त्यातलं जे चांगलं असेल ते घेणार. घेऊ दे. ती माझ्यापेक्षा चांगली वाजवते. ते मला आवडत नाही आणि आवडणारही नाही.

कुंडलला त्या दिवशी स्टेजवर वाजवणारे आम्ही चौघं होतो. दीर, ढोलकीवाला, जाऊ आणि मी. करंट मला लागला. वायर जाऊनं ओढली. खोका जळाला. मी जगले.